अल्फाबाई आणि तांब्याच्या उड्या

त्या इमारतीत तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं आज कोणालाच आठवत नाही. ती टंकलेखन खोलीतली बाई. ग्रीक अक्षरं न चुकता काढते म्हणून विद्यार्थ्यांनी तिचं नाव अल्फाबाई ठेवलं आणि पहिल्याच वर्षी ते तिला असं चिकटलं, की एकदा पगाराच्या कागदावरही कारकुनाने तेच लिहिलं. तिने ते खोडलं नाही. उलट घरी जाऊन नवऱ्याला दाखवलं आणि दोघं हसत बसले.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच ती खोली होती. एक खिडकी, दोन टेबलं, एक दणकट यंत्र आणि एकच पाहुण्यांची खुर्ची. मजल्याच्या एका बाजूला भौतिकशास्त्राची मंडळी, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्राची. टंकलेखिका मात्र दोघांत मिळून एक. सकाळी साडेदहाला ती यंत्रावरचं कापड काढायची, रिबन बोटाने चाचपून बघायची आणि पहिला कागद चढवायची. चुका पुसायच्या पांढऱ्या द्रावणाचा वास त्या खोलीला कायमचा बसला होता. पुढे कितीतरी वर्षांनी एका दवाखान्यात तसलाच काहीतरी वास आला, तर तिला एकदम भूक लागली. त्या वासातच तिने बावीस वर्षं डबा खाल्ला होता.

साधा मजकूर टाइप करणं तिला डाव्या हाताचा मळ वाटे. खरी परीक्षा समीकरणांची. डोक्यावरचा छोटा आकडा काढायचा तर रोलर अर्धं घर खाली, पायाशी अक्षर बसवायचं तर अर्धं घर वर. ग्रीक अक्षरं बारीक निबाच्या पेनाने हातानेच काढायची. पानाच्या शेवटच्या ओळीत एक चिन्ह चुकलं, की खालच्या तीन कार्बन प्रतींसकट सगळं पान पुन्हा. तिला त्यातलं भौतिकशास्त्र कळत नव्हतं. पण शिवणकाम करणारीला कापड न मोजता जसा तिरका काप दिसतो, तसा तिला समीकरणातला तिरकेपणा दिसायचा.

हे पहिल्यांदा कळलं ते भौतिकवाल्या सरांना. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे त्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. एक फळा, एक पेन्सिल आणि सतत आठ्या घातलेलं कपाळ. एकदा त्यांचा लेख टाइप करताना ती थांबली आणि उठून त्यांच्या दारात गेली. म्हणाली, "सर, चौथ्या पानावर या तुकड्यापुढे उणे आहे. पाचव्यावर तोच तुकडा आलाय, पण अधिक झालाय. मध्ये काही लिहायचं राहिलंय का?"

सर वर न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही वाचू नका. टाइप करा."

तिने टाइप केलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायला आली, तर सर आधीच बाहेर उभे. दाढी न केलेली, हातात चुरगळलेली पानं. ते इतकंच म्हणाले, की पाचव्या पानापासून पुढचं सगळं रद्द आहे आणि यापुढे तिने वाचत जावं. त्या दिवसापासून ते कागद तिच्या टेबलावर टाकून जात नसत, हातात देत.

अर्थशास्त्रवाले सर याच्या अगदी उलट. गोल, हसरे, बोलघेवडे. किमती का चढतात नि का उतरतात, हा त्यांचा विषय आणि तो ते चहावाल्यालाही समजावून सांगत. या दोघा सरांमध्ये सहा वर्षं विस्तव जात नव्हता. कारण म्हटलं तर फुटकळ. एका बैठकीत अर्थवाले सर गमतीने म्हणाले होते, की भौतिकवाल्यांचा सिद्धांत चुकला तरी कोणाचं दोन पैशांचं नुकसान होत नाही. त्यावर भौतिकवाले सर म्हणाले, की अर्थवाल्यांचं भाकीत चुकलं की ते का चुकलं यावर नवं पुस्तक निघतं. बैठक हसली. हे दोघे सोडून. तेव्हापासून बारा पावलांच्या त्या व्हरांड्यात समोरासमोर आले, की एकाला खिडकीबाहेर काहीतरी दिसे नि दुसऱ्याला चपलेत खडा लागे.

अशात एका महिन्यात दोघांचेही लेख तिच्याकडे आले. भौतिकवाल्या सरांचा लेख शाईच्या कणाबद्दल होता. आता ती वाचणारी झाली होती, म्हणून त्यांनी तिला समजावूनही सांगितलं होतं. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो हळूहळू पसरतो. कारण प्रत्येक कणाला चहूबाजूंनी धक्के बसत असतात आणि तो झिंगलेल्या माणसासारखा झोकांड्या खात फिरतो. एक कण कुठे जाईल ते सांगता येत नाही. लाखो कण कसे पसरतील ते येतं. ते सांगणारं समीकरण तिने सोमवारी टाइप केलं.

गुरुवारी अर्थवाल्या सरांच्या लेखाचं सातवं पान करताना तिचा हात अडखळला. हे आपण आधी टाइप केलंय असं तिला वाटलं. अक्षरं वेगळी होती, पुढे एक सिग्मा लटकत होता, पण बांधणी तीच. डावीकडे वाकडा डी आणि खाली टी. उजवीकडे वाकडा डी, डोक्यावर दोनाचा तुरा आणि खालच्या अक्षरालाही दोनाचा तुरा. तिने सोमवारची कार्बन प्रत काढून दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरली. मग ती भौतिकवाल्या सरांकडे गेली.

सरांनी दोन्ही पानं पाहिली. म्हणाले, "सारखं दिसतं म्हणून सारखं असतंच असं नाही." पुन्हा पाहिली. मग चष्मा काढून विचारलं, "कोणाचं आहे हे?"

"समोरच्यांचं."

सर उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि ती पोचवायला सांगितली. अर्थवाल्या सरांनी चिठ्ठी वाचली, तिच्याच खाली उत्तर लिहिलं आणि परत पाठवलं. आठ दिवस हे चाललं. बारा पावलांचं अंतर आणि मध्ये ही बाई, कबुतरासारखी. नवव्या दिवशी तिने दोघांना निरोप दिला, की माझं काम टाइप करायचं आहे, टपाल वाटायचं नाही. साडेचारला दोघांनी माझ्या खोलीत यावं.

दोघे आले. पाहुण्यांची खुर्ची एकच, म्हणून दोघेही उभेच राहिले. ती त्यांच्याकडे पाठ करून टाइप करत होती. शेवटी अर्थवाले सर म्हणाले, "म्हणजे तुमच्या कणाला पाणी ढकलतं आणि माझ्या किमतीला गिऱ्हाइकं ढकलतात."

भौतिकवाले सर म्हणाले, "तुमचं गणित कच्चं आहे. पण कल्पना बरी आहे."

त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती कोणी ऐकलेली नव्हती. अर्थवाले सर खुर्चीत बसले.

दोघांनी मिळून चार महिन्यांत एक लेख तयार केला. तिने तो तीनदा टाइप केला आणि परदेशातल्या एका मासिकाकडे पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. हे साम्य जाणकारांना आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे नवीन काय? भौतिकवाले सर दोन दिवस खोलीबाहेर पडले नाहीत. अर्थवाले सर मात्र म्हणाले, की प्रश्न योग्य आहे. नवीन काही हवं असेल तर खऱ्या किमती हव्यात, रोजच्या आणि बऱ्याच वर्षांच्या. पण तसल्या नोंदी व्यापारी दाखवत नाहीत आणि सरकार छापतं त्या महिन्याच्या सरासरीच्या.

ती ऐकत होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, गादीखालची ती कॅलेंडरं किती वर्षांची आहेत?"

तिचा नवरा धातूंच्या बाजारात एका तांब्याच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर होता. बाजारात त्याला काटेवाले म्हणत. मितभाषी आणि वक्तशीर माणूस. बाजार बंद होताना फळ्यावर लिहिलेला तांब्याचा भाव तो बघून यायचा आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या त्या तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने टिपायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोणी रोज दाराची कडी दोनदा ओढून बघतं, तसंच. वर्ष संपलं की कॅलेंडर गादीखाली जायचं, कारण सपाट राहायला दुसरी जागा नव्हती. अकरा वर्षांची अकरा कॅलेंडरं. तो म्हणाला, "माझ्या कॅलेंडरांचं त्यांना काय करायचंय? मोठी माणसं ती." पण रविवारी त्याने स्वतः ती झटकली, दोरीने बांधली आणि सोमवारी स्वतःच खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर आणून दिली.

पुढचं दीड वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं, असं ती नंतर लेकीला सांगत असे. लग्न, लेकीचा जन्म, स्वतःचं घर हे सगळं खरंच. पण त्या सुखांत जबाबदारी होती, यात निव्वळ गंमत. पाच वाजले की व्हरांड्यातली वर्दळ थांबायची. खिडकीतून कलतं ऊन टेबलावर यायचं. ती कॅलेंडर मांडीवर घेऊन आकडे वाचायची, अर्थवाले सर आजच्यातून कालचा वजा करायचे आणि भौतिकवाले सर चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका द्यायचे. सातपर्यंत पन्नास-साठ ठिपके व्हायचे. शनिवारी काटेवाले यायचे, कारण त्यांचा एक आणि सात सारखाच दिसे आणि तो फक्त त्यांनाच कळे. भौतिकवाले सर पेन्सिलीला टोक करता करता त्यांना काट्याबद्दल विचारत. दमट हवेत काटा किती खोटं बोलतो, पारडं स्थिरावायला किती वेळ लागतो. नवरा घरी जेवढं आठवड्यात बोलायचा नाही तेवढं त्या एका संध्याकाळी बोलायचा. ती ऐकायची आणि तिला नवल वाटायचं, की या माणसाला एवढं माहीत आहे.

कॅलेंडरांत नुसते भाव नव्हते. तिच्या अक्षरात शाईने घरचंही होतं. दूध बंद. नळवाला येणार. लेकीला गोवर. भाडं दिलं. अर्थवाले सर ते सगळं वाचायचे आणि मधेच विचारायचे, "नळवाला आला का हो शेवटी?"

एकदा एका चौकोनापाशी ते थबकले. आदल्या दिवसापेक्षा भाव एकदम वर गेला होता. इतका, की भौतिकवाल्या सरांच्या कागदावर ठिपका द्यायला जागाच नव्हती. अर्थवाल्या सरांनी विचारलं, "बाई, या दिवशी काय झालं?"

तिने वाकून पाहिलं. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली."

"तांब्याला काय झालं ते विचारतोय मी."

सगळे इतके हसले, की खालचा पहारेकरी वर येऊन डोकावून गेला. मग काटेवाल्यांनी सांगितलं, की त्या दिवशी दूर कुठेतरी खाणीत संप झाल्याची बातमी आली होती. तेही आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी आपण इस्पितळात होतो आणि तो भाव बाजारातल्या शेजाऱ्याला विचारून लिहिला होता.

त्या ठिपक्यासाठी भौतिकवाल्या सरांनी कागदाला वरून दुसरा कागद चिकटवला. पुढे असे आणखी चिकटवावे लागले. अकरा वर्षांत तांब्याने चौदा वेळा अशी उडी मारली होती. आणि समीकरण म्हणत होतं, की एवढी उडी हजारो वर्षांतून एखाद वेळी यावी. शाईचा कण कधी उडी मारत नाही. किंमत मारते. एरवी मुंगीच्या पावलाने चालते आणि मग एखाद्या दिवशी कुंपणच ओलांडते. म्हणजे साम्य खरं होतं, पण अर्धंच; आणि नवीन जे काही होतं ते त्या चौदा दिवसांत होतं. भौतिकवाल्या सरांना आपलं समीकरण अपुरं पडल्याचं दुःख व्हायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी ते टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत होते, एखाद्या पोरासारखे.

लेख व्हायला आणखी सहा महिने गेले. एका लहानशा मासिकाने तो छापला. फार कोणी वाचला असेल असं नाही. पुढे इतर लोकांनी यावर पुष्कळ मोठं काम केलं. त्यात या लेखाचा उल्लेख कुठे तळटीपेत आला तर आला. पण त्याच्या शेवटी दोन ओळी होत्या. काटेवाल्यांचे आभार, अकरा वर्षांच्या नोंदींबद्दल. आणि बाईंचे आभार, त्यांच्या नजरेबद्दल. दोघांची खरी नावं, पूर्ण. ती स्वतःचं नाव टाइप करताना दोनदा चुकली. नवऱ्याने मासिक कोणाला दाखवलं नाही. फक्त आठवडाभर ते वजनकाट्याशेजारी त्या पानावर उघडं ठेवलं.

ते त्याच्या मालकाच्या नजरेस पडलंच. मालक, तांब्याचा व्यापारी, गाडी करून दुसऱ्या मजल्यावर आला, पाहुण्यांच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, की पुढच्या महिन्यातला भाव सांगा, मागाल ती रक्कम देतो. भौतिकवाले सर म्हणाले, की उडी येणार एवढं सांगता येतं. कधी आणि कुठल्या दिशेला, ते नाही.

मालक म्हणाला, "एवढं तर माझा काटेवालाही सांगतो."

"मग त्याचं ऐका," सर म्हणाले.

मालक हिरमुसला होऊन उठला. पण जिना उतरताना त्याने अर्थवाल्या सरांना गाठलं आणि त्यांच्याशी तासभर फाटकापाशी बोलत उभा राहिला. काय बोलणं झालं, ते तिला नवऱ्याकडून समजलं. त्या वर्षापासून मालकाने कर्ज काढून माल भरून ठेवणं सोडलं आणि थोडी गंगाजळी बाजूला ठेवायला लागला. बाजारातले लोक त्याला भित्रा म्हणायचे. चार वर्षांनी तांबं तीन दिवसांत असं कोसळलं, की त्या रांगेतली दोन जुनी दुकानं कायमची बंद झाली. हे दुकान उघडं राहिलं आणि काट्यावरची नोकरीही राहिली. नवरा त्या दिवशी नेहमीच्या वेळेला घरी आला, चौकोनात भाव लिहिला आणि म्हणाला, "पंधरावी."

पुढे संगणक आले. विद्यार्थी आपापले लेख स्वतःच टाइप करू लागले. समीकरणं पडद्यावर आपोआप सुबक दिसू लागली. टंकलेखन खोलीत छायाप्रतींचं यंत्र बसलं आणि बाईंची बदली आवक-जावकच्या टेबलावर झाली. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. पण दिवसभर शिक्के मारताना बोटं रिकामी वाटायची. भौतिकवाले सर मात्र संगणकाला हात लावायला तयार नव्हते. ते हस्तलिखित घेऊन तळमजल्यावर उतरायचे आणि तिच्या हातात द्यायचे. मग वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती लेकीकडून संगणक शिकली. लेक चिडायची, म्हणायची, "आई, बटण हळू दाब, तो लोखंडाचा नाहीये." सहा महिन्यांत हात बसला. निवृत्त होईपर्यंत आवक-जावकच्या खणात सरांची पानं असायचीच.

आता ती चौऱ्याहत्तरची आहे. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. मागच्या वर्षी भौतिकवाल्या सरांच्या पत्नींचा फोन आला. सर हल्ली बरंच विसरतात. माणसं, वार, जेवलो की नाही तेसुद्धा. पण रोज लिहायला बसतात आणि लिहिलेलं कोणी नेत नाही म्हणून चिडतात. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आलात तर बघा. तुमचं नाव घेतात अधूनमधून. म्हणजे, नाव नाही. अल्फाबाई म्हणतात."

ती दर गुरुवारी जाऊ लागली. सर पानं हातात देतात. ती घरी आणून मोठ्या अक्षरात टाइप करते आणि पुढच्या गुरुवारी नेऊन देते. पहिल्या पहिल्यांदा त्यात खरी समीकरणं असत, अर्धवट पण ओळखीची. हळूहळू ओळी सैल होत गेल्या. एकदा सरांनी टाइप केलेलं पान बराच वेळ वाचून तिला विचारलं, की हे कोणी लिहिलंय. ती म्हणाली, तुम्हीच. ते म्हणाले, बरं लिहिलंय.

मागच्या गुरुवारच्या पानावर वर दोन ओळी होत्या आणि खाली नुसत्या रेघा, लाटांसारख्या. तिने विचारलं, "सर, हे खालचं कसं करू?"

सरांनी पान जवळ नेऊन पाहिलं. म्हणाले, "समजलं तेवढं करा, बाई. बाकीचं मला अजून नीट आलेलं नाही."

तिने दोन ओळी टाइप केल्या. या गुरुवारी ते पान घेऊन गेली, तेव्हा सर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी पेन्सिल घेतली, पहिल्या ओळीत एक स्वल्पविराम घातला आणि पाठवून द्या म्हणाले. तेवढ्यात जिन्यावर अर्थवाल्या सरांची काठी वाजली. तेही गुरुवारीच येतात, धापा टाकत, दर पायरीवर जिन्याला नावं ठेवत. वहिनी चहा टाकायला उठल्या, आणि चौथी खुर्ची आणायला ती आतल्या खोलीत गेली.